सुट्टी नसलेल्यांचे उन्हाळी सिनेमे सुचवा (रात्री चाळीस मिनिटांच्या हिशोबाने)

दुपारचा खेळ
नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज विचारतेच.

उन्हाळा आणि सिनेमा या माझ्यासाठी कधी वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. सुट्टीत दुपारच्या खेळाला जायचं. बाहेर रणरणतं ऊन, आत अंधार आणि गारवा. खेळ संपून दारातून बाहेर पडलं की मिनिटभर डोळ्यांपुढे नुसता पांढरा उजेड, काही दिसायचंच नाही. ते मिनिट मला सिनेमाइतकंच आवडायचं.

आता नोकरी आहे आणि साडेतीन वर्षांचा मुलगा आहे. तो साडेनऊला झोपतो, साडेदहाला माझे डोळे मिटायला लागतात. आवराआवर वजा करून चाळीस मिनिटं उरतात, तीही रोज नाही.

गेल्या आठवड्यात एक उन्हाळी चित्रपट लावला. समुद्रकिनारा, सायकली, पांढरे कपडे, दोन महिने कुणालाच काही काम नाही. चांगला होता, पण मी त्याच्या बाहेरच राहिले. माझा उन्हाळा असा नसतो. सकाळी सातलाच केस मानेला चिकटतात, मुलगा किरकिर करतो, मी त्याच्यावर ओरडते आणि तो झोपला की त्याच्या उशाशी बसून राहते.

तर उकाडा खरा असलेले आणि माणसं रोजचं जगत असलेले सिनेमे सुचवा. तुकड्यातुकड्यांत पाहिले तरी चालतील असे असले तर फारच बरं. कुठल्याही भाषेतले चालतील.

मधली रांग
धागा मनापासून आवडला. तुम्ही विचारलंय त्याला माझ्याकडे एक उत्तर कधीचं तयार आहे: सिडनी ल्युमेटचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७).

सगळे त्याच्याकडे खटल्याचा सिनेमा म्हणून बघतात. मी त्याच्याकडे उकाड्याचा सिनेमा म्हणून बघतो. वर्षातला सगळ्यात गरम दिवस, एका खोलीत बारा ज्युरर (खटल्यात आरोपी दोषी की नाही हे ठरवणारे साधे नागरिक), भिंतीवरचा पंखा चालत नाही. एका मुलाच्या जिवाचा निर्णय करायचा आहे आणि त्यातल्या एकाच्या डोक्यात संध्याकाळच्या सामन्याची तिकिटं आहेत. घाम, कंटाळा, घरी जायची घाई, यांचा न्यायाशी थेट संबंध येतो हे तो दाखवतो. एक ज्युरर सांगतो की मला घाम येतच नाही. पुढे त्याच्या खात्रीला तडा जातो तेव्हा त्याच्या कपाळाकडे बघा.

खोली हळूहळू अंगावर येते त्यामागे कारागिरी आहे. ल्युमेटने सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या रेषेच्या वर ठेवला, मग रेषेत आणला, शेवटच्या भागात खाली नेला. त्यामुळे छत दिसायला लागतं. बरोबर लेन्सही जास्त लांब पल्ल्याच्या होत गेल्या, म्हणून भिंती माणसांच्या जवळ सरकल्यासारख्या वाटतात. आपल्याला हे कळत नाही, फक्त गुदमरायला होतं. मग पाऊस येतो.

एकच विनंती, हा तोडू नका. ९६ मिनिटं आहे. एखाद्या सुट्टीच्या दुपारी मुलाला कुणाकडे तरी सोपवा आणि सलग बघा.

तिकीटखिडकी
स्टीव्हन स्पिलबर्गचा शार्कवरचा 'जॉज' सुचवला नाही अजून कुणी? २० जून १९७५ ला लागला आणि चारशेहून जास्त चित्रपटगृहांत एकदम लागला. 'उन्हाळी सिनेमा' हा शब्द आज ज्या अर्थाने वापरतात तो तिथून रुळला. त्याच्याही आधी उन्हाळा म्हणजे चित्रपटगृहांचा मंदीचा काळ. उकाड्यात कोण बंद हॉलमध्ये बसणार? मग १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात विलिस कॅरियरची वातानुकूलन यंत्रणा बसली आणि लोक गारव्यासाठी सिनेमाला यायला लागले. तुम्ही लिहिलंय तो 'आत अंधार आणि गारवा' असा सुरू झाला.

मधली रांग
@तिकीटखिडकी, माहिती छान आहे, पण त्यांनी उन्हाळ्यात लागणारे सिनेमे विचारलेले नाहीत. उन्हाळ्यात जगणारी माणसं विचारली आहेत. शार्कपासून जीव वाचवणं हे काही कुणाचं रोजचं जगणं नाही.

तिकीटखिडकी
'जॉज' परत बघा, ही मनापासून विनंती. यांत्रिक शार्क चित्रीकरणात सारखा बंद पडायचा, म्हणून स्पिलबर्गला तो दाखवता आला नाही. तास उलटून गेला तरी तो धड दिसत नाही. मग तोवर आपण काय बघतो? एका छोट्या गावाची हंगामातली कमाई, किनारा बंद करायला तयार नसलेला महापौर, आणि दिवसभर दोष पदरात घेऊन घरी आलेला पोलीसप्रमुख ब्रॉडी. तो जेवणाच्या टेबलाशी डोकं धरून बसतो. शेजारी त्याचा लहानगा मुलगा. बाप हात जोडतो, मुलगा हात जोडतो. बाप तोंडावर हात फिरवतो, मुलगाही फिरवतो. बापाच्या लक्षात येतं. तो मुलाकडे एक पापा मागतो. मुलगा विचारतो, का? बाप म्हणतो, मला गरज आहे म्हणून.

मुलावर ओरडून उशाशी बसणाऱ्या माणसाला मी हाच सिनेमा सुचवेन.

मधली रांग
हा प्रसंग माझ्या ध्यानातून गेला होता. तुमचं बरोबर आहे, शब्द मागे घेतो.

गच्चीवरची
माझ्याकडून कुरोसावाचा 'स्ट्रे डॉग' (१९४९). श्रेयनामावली सुरू होते ती धापा टाकणाऱ्या कुत्र्यावर. उकाड्यात गच्च भरलेल्या बसमध्ये एका तरुण पोलिसाचं पिस्तूल चोरीला जातं आणि तो ते शोधत युद्धानंतरच्या टोकियोत वणवण फिरतो. सगळे सतत घाम पुसतायत. नाचगाण्याच्या थिएटरातल्या मुली नाचून येतात आणि जमिनीवर आडव्या पडतात, त्यांच्या अंगावरचा घाम चमकत असतो. तो दृश्यतुकडा बघताना मला स्वतःचा थकवा कुणीतरी ओळखल्यासारखा वाटला.

आणि हिचकॉकचा 'रिअर विंडो' (१९५४). खिडकीतून दुसऱ्यांची घरं बघणारा पाय मोडलेला छायाचित्रकार म्हणून तो प्रसिद्ध आहे. पण सगळ्यांच्या खिडक्या उघड्या का? उकाडा आहे म्हणून. एक जोडपं बाहेरच्या लोखंडी जिन्यावर गादी टाकून झोपतं आणि पाऊस आला की गादी ओढत आत पळतं. उकाडा नसता तर ही गोष्टच घडली नसती. खुनाचा भाग बाजूला ठेवा. तो माणूस जे बघतो ते शेजाऱ्यांचं रोजचं जगणंच आहे.

ढगाळ
'विहीर'. उमेश कुलकर्णींचा. सुट्टीत एकत्र येणारी नात्यातली दोन भावंडं म्हणून सुरू होतो. पुढचं मी सांगणार नाही, पण लहान मूल घरात असेल तर मन शांत असलेल्या दिवशीच बघा. तोवर थांबलात तरी चालेल.

पान उलटा
तुकड्यांत बघायच्या अटीवर कुणी बोललंच नाही, म्हणून लिहिते. मीही असंच बघते, आजारी माणूस घरात आहे. काही सिनेमे दिग्दर्शकानेच तुकड्यांत बांधलेले असतात.

एरिक रोमेरचा 'द ग्रीन रे' (१९८६, व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार सुवर्णसिंह यालाच मिळाला). मध्ये मध्ये पडद्यावर तारीख येते, रोजनिशीसारखी. तारीख आली की थांबा, दुसऱ्या दिवशी तिथून पुढे. तुम्ही म्हणाल, यात सुट्टीच आहे. आहे, पण पॅरिसमध्ये नोकरी करणाऱ्या देल्फीनला ती सुट्टी ओझ्यासारखी झाली आहे. मैत्रिणीने ऐनवेळी बेत मोडला. ही एकटी इकडे जाते, परत येते, तिकडे जाते, परत येते. सगळे सल्ले देतात, ती रडते. संवाद बरेचसे कलाकारांनी तिथल्या तिथे बोललेले आहेत, त्यामुळे लोक एकमेकांचं बोलणं तोडतात, अडखळतात, घरी बोलतो तसं. सूर्य बुडताना क्षणभर हिरवी कड दिसते, ती खरी प्रकाशीय घटना आहे, त्यावर शेवट आहे.

दुसरा ताकेशी कितानोचा 'किकुजिरो' (१९९९). सुट्टीत सगळे मित्र गेलेत, आजी कामावर, मुलगा एकटा. तो आईला शोधायला निघतो. शाळकरी मुलाच्या चित्रवहीसारखे त्याचे भाग पाडलेत, प्रत्येक भाग रात्रीपुरता पुरतो. संगीत जपानी संगीतकार जो हिसाइशी यांचं.

आणि ओझूचा 'टोकियो स्टोरी' (१९५३). म्हातारे आईवडील मुलांकडे येतात, मुलांना वेळ नाही. जवळजवळ प्रत्येक प्रसंगात कुणी ना कुणी हातपंख्याने वारा घेत असतं. युद्धात गेलेल्या मुलाची बायको नोरिको, तिची एक खोली. ती सासूसासऱ्यांना समोर बसवते आणि वारा घालत राहते. तेवढंच. मी तो प्रसंग तीनदा बघितला, माझ्या हातात तेव्हा तसंच काम होतं.

दुपारचा खेळ
तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. दोन आठवड्यांनी परत आले आहे.

'द ग्रीन रे' तीन रात्रींत पाहिला, तारखेला थांबत. दुसऱ्या रात्री ती झाडांमधून एकटी चालते, वारा सुटतो आणि ती रडायला लागते, काही झालेलं नसताना. तिथे थांबले आणि बराच वेळ पुढे लावलाच नाही. शेवटी ती क्षितिजाकडे बघते तेव्हा मी खुर्चीतून पुढे सरकले होते.

@तिकीटखिडकी, 'जॉज' अर्धाच झालाय. टेबलाचा प्रसंग आला तेव्हा मुलगा पाणी मागत उठून आला होता, माझ्या मांडीवर होता. त्याने तो पाहिला. आता जेवताना तो माझ्यासारखा कपाळाला हात लावतो आणि मी बघते का ते बघतो.

@पान उलटा, 'टोकियो स्टोरी' चालू आहे, नोरिकोच्या खोलीपर्यंत पोचले. पुढचं कुणी सांगू नका. तुमच्या घरचं माणूस आता कसं आहे?

शनिवारी मुलाचा बाबा घरी आहे. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' तेव्हा, दुपारी, पडदे ओढून, सलग.

पान उलटा
बाबा आता उठून बसतात. संध्याकाळी एक तास माझ्याबरोबर काहीतरी बघतात. रंगीत असलं तर त्यांना जास्त आवडतं, तेव्हा कुणाला सुचत असेल तर इथेच लिहा.