वर्ध्याजवळचे ‘पॅसिव्ह हाउस’: गिलावा पूर्ण होण्याआधी काय पाहावे?

प्रश्न (समुद्रपूर तालुका, जि. वर्धा)

आमच्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांचे ‘पॅसिव्ह हाउस’ (उष्णता अडवणारे थर आणि हवाबंद बांधणी यांमुळे तापवायला किंवा थंड करायला फार कमी ऊर्जा लागणारे घर) पूर्ण होत आले आहे आणि त्यांनी ते आम्हाला आतून-बाहेरून दाखवले. फ्लाय-अ‍ॅश विटांच्या भिंतींना बाहेरून इन्सुलेशनचा थर आहे, खिडक्यांना दुहेरी काच बसली आहे आणि स्लॅबवर एक्सपीएस शीट (उष्णता अडवणारे फोमचे तक्ते) टाकून पांढऱ्या टाइल्स लावण्याचे काम चालू आहे. बाहेर ऊन रणरणत असताना आत पंख्याशिवाय बसवत होते. मात्र कूलरची जागा विचारली तेव्हा कूलर लावायचाच नाही, असे सरांनी सांगितले आणि ही गोष्ट माझ्या वडिलांच्या काही पचनी पडलेली नाही. आम्हालाही लवकरच घर बांधायचे आहे. पुन्हा जाईन तेव्हा नेमके काय तपासावे आणि यातले काय आपल्याकडे लागू पडते?

उत्तर (स्थापत्य अभियंता, नागपूर)

या पद्धतीचे पहिले घर १९९१ मध्ये जर्मनीतील डार्मश्टाट येथे वापरात आले आणि त्याचा सारा हिशेब थंडीचा होता. घर तापवण्यासाठी वर्षाला दर चौरस मीटरमागे १५ किलोवॅट-तासांहून अधिक ऊर्जा लागू नये, ही त्याची प्रसिद्ध अट. आपल्याकडे प्राधान्यक्रम वेगळा लागतो. मे महिन्याच्या उत्तरार्धात माध्यान्हीचा सूर्य वर्ध्यात जवळजवळ डोक्यावर असल्यामुळे दक्षिणेच्या भिंतीला ऊन फारसे लागतच नाही. सगळा मार स्लॅबवर आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर बसतो. म्हणून पश्चिमेला पडवी किंवा झाडे आहेत का, हे आधी पाहा. सरांनी इन्सुलेशन स्लॅबच्या वर टाकले, हे योग्यच केले. खालून फॉल्स सीलिंगमध्ये टाकले असते, तर स्लॅब दिवसभर तापून रात्री उष्णता सोडत राहिला असता. पण हा थर पॅरापेटच्या पायथ्याशी तुटतो का, आणि स्लॅबसोबत ओतलेला छज्जा उघडाच आहे का, हे टाइल्स लागण्यापूर्वीच दिसेल. उन्हात तापलेला छज्जा तीच उष्णता सळई-काँक्रीटमधून थेट खोलीत पोहोचवतो.

उत्तर (अमरावती)

कूलरविषयी तुमच्या वडिलांची शंका रास्त आहे, परंतु सरांचेही बरोबर आहे. डेझर्ट कूलर तासाला तीन-चार हजार घनमीटर हवा आत ढकलतो आणि तेवढीच बाहेर जायला वाट मागतो. याउलट पॅसिव्ह हाउसच्या मानकानुसार, चाचणीत पंख्याने आत-बाहेर ५० पास्कल दाबाचा फरक केला असता तासाभरात घराच्या एकूण हवेच्या ०.६ पटींहून अधिक गळती चालत नाही. त्यामुळे खिडकी उघडून कूलर लावायचा असेल, तर हवाबंद बांधणीवर खर्च करण्यात अर्थ उरत नाही. तिथे ताजी हवा अशा यंत्रातून येते, ज्यात बाहेर जाणारी गार हवा आत येणाऱ्या हवेची उष्णता काढून घेते: बाहेर ४४ आणि आत २८ अंश असताना ८० टक्के कार्यक्षमतेचे यंत्र हवा साधारण ३१ अंशांवर आणून सोडते. हे थंड करणे नव्हे, त्यामुळे भर मे महिन्यात लहानसा एसी लागेल, असे गृहीत धरा.

गळतीची चाचणी झाली का, हे अवश्य विचारा. दाराला पंखा बसवून आतली हवा ओढतात, तेव्हा विजेच्या बोर्डाजवळ पेटती उदबत्ती धरून पाहा. पाइपातून हवा शिरत असेल तर धूर लगेच खोलीकडे ढकलला जातो. आमच्याकडे भिंती ठीक होत्या, गळती सगळी बोर्डांतून निघाली. गिलावा आणि रंग झाल्यावर असे दोष काढणे महागात पडते.

उत्तर (यवतमाळ, शेतकरी)

दोन गोष्टी जोडतो. लाइन गेल्यावर यंत्र बंद पडते, मात्र ते फार वीज खात नसल्याने इन्व्हर्टरवर चालू शकते. तशी जोडणी केली आहे का, ते पाहा. दुसरे, सोयाबीन काढणीच्या दिवसांत मळणीच्या धुळीने फिल्टर लवकर भरतील, तेव्हा ते बाजारात सहज मिळतात का आणि घरच्या माणसाला बदलता येतात का, हे आधीच विचारून घ्या. आणि चूल ठेवणार असाल तर ती घराबाहेरच्या छपरीत हवी; हवाबंद घरात धूर आणि विषारी वायू साचणे जिवावर बेतू शकते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. छज्जा स्लॅबसोबतच ओतलेला असून उघडाच आहे, हे आत्ता लक्षात आले. टाइल्सचे काम पुढे जाण्यापूर्वी सरांना आजच फोन करतो.