मॉस्को ते व्लादिवोस्तोक : अंतर आणि प्रवासाचा वेळ

प्रश्न : हे अंतर कुठे सुमारे ६,४०० तर कुठे ९,२८९ किलोमीटर दिलेले आढळते, यांतील कोणते ग्राह्य धरावे?

उत्तर १ : दोन्ही. पहिले हवाई अंतर आहे आणि दुसरे ट्रान्स-सायबेरियन लोहमार्गाचे, कारण तो मार्ग बैकल सरोवराला दक्षिणेकडून वळसा घालून चीनच्या सीमेलगतच्या प्रदेशातून खाबारोव्स्कपर्यंत जातो आणि मगच दक्षिणेला वळतो. विमानाला आठ-साडेआठ तास लागतात, तर रेल्वेला जवळपास सात दिवस.

उत्तर २ : वेळापत्रक वाचताना दोन शहरांतील सात तासांचा फरक विसरू नये. पूर्वी रशियातील गाड्यांच्या वेळा सर्वत्र मॉस्कोच्या घड्याळानुसार छापल्या जात (प्रवाशांची त्रेधा उडत असणार!); २०१८ पासून तिकिटावर स्थानिक वेळ असते.

प्रश्नकर्ता : म्हणजे पूर्वेकडे जाताना निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळांत दिसणारे पंधरा तास प्रत्यक्ष उड्डाणाचे नव्हेत. आभारी आहे.