थर्मामीटर ९ दाखवतो, वहीत ३ लिहायला सांगतात. नोकरी सोडू का?

किनाऱ्यावरची

नमस्कार. बरेच महिने इथे नुसती वाचते आहे, लिहितेय पहिल्यांदाच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी रत्नागिरीजवळच्या एका मासळी प्रक्रिया कंपनीत क्वालिटीला आहे. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेतली आणि हीच पहिली नोकरी. चार वर्षं तीन महिने झाले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कृपया विचारू नका. बांगडा, माकूल, राणीमासा असा माल गोठवून बाहेरच्या देशांत जातो.

पहिली पावणेतीन वर्षं मी आनंदाने कामाला गेले. जुने मॅनेजरही ओरडायचे, पण मालावरून. बांगड्याचे डोळे आत गेलेले दिसले की क्रेट परत, मग बोटवाला कितीही ओळखीचा असो. ते गेले, नवीन साहेब आले, आणि दीड वर्षात सगळ्या शेडची बोली बदलली. "माल कसा आहे" हा प्रश्नच आता कोणी विचारत नाही, "किती टन झाला" एवढंच. रात्री साडेअकराला ग्रुपवर मेसेज येतो. पाच मिनिटांत उत्तर नाही गेलं तर सकाळी सगळ्यांसमोर उभं करतात. कोलंबी सोलणाऱ्या बायकांना नावाने हाक मारत नाहीत, टेबलाच्या नंबरने मारतात. "सात नंबर, हात चालव." सात नंबरवरची बाई माझ्या आईच्या वयाची आहे.

हे सगळं मी गिळत आले. गेल्या मंगळवारचं गिळता येत नाही.

बंदी उठून मासेमारी सुरू झाल्यावरचे दिवस, बोटी एकदम लागलेल्या, बर्फ कमी. बांगड्याची गाडी आली ती दुपारी. उतरवून ताडपत्रीखाली ढीग केला आणि तीन तास तो तसाच पडून. मी तीन ठिकाणी थर्मामीटर खुपसला. ८, ९, ९. वहीत ९ लिहून सही केली. साहेबांनी पान फाडलं आणि "३ लिही" म्हणाले. मी नाही म्हटलं. मग ते आमच्याकडे जूनमध्ये लागलेल्या बावीस वर्षांच्या मुलीकडे वळले. तिने लिहिलं. लिहिताना ती माझ्याकडे बघत होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बांगडा, सुरमई, कुपा या माशांत ऊब मिळाली की जिवाणूंमुळे हिस्टामीन तयार होतं. एकदा तयार झालं की गोठवून जात नाही, शिजवून जात नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगावर पित्त उठतं, डोकं ठणकतं, उलट्या होतात. माशाला वास येईलच असंही नाही. म्हणून मासा आल्या आल्या ४ अंशांच्या खाली हवा, आणि म्हणूनच ती वही असते. माझी आई बाजारात पाटी घेऊन बसते. तिच्याकडे थर्मामीटर नाही, ती कल्ले उचलून बघते. शंका आली तर गिऱ्हाइकाला सांगते, आज बांगडा नको, मांदेली ने. शिकून मी तिच्यापेक्षा खाली उतरले की काय, असं त्या रात्री वाटलं.

कारण एक गोष्ट अजून सांगितली नाही. मार्चमध्ये दोन वेळा मी स्वतः खोटा आकडा लिहिला आहे. माझ्याच सहीने.

आता शिक्षा म्हणून सलग तीन आठवडे रात्रपाळी लावली आहे आणि गणपतीची रजा नामंजूर. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती, घरात आई आणि मी दोघीच. पाच वर्षं भरायला नऊ महिने आहेत, ग्रॅच्युइटीचा प्रश्न आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,२०० आहे. आत्ता सोडू का? की थांबून लढू? आणि मार्चच्या त्या दोन पानांचं काय करू?

---

बर्फाचा_कारखाना

ताई, माझी चौतीस वर्षं याच धंद्यात गेली, आता निवृत्त आहे. १९९७ साली युरोपीय संघाने आपली मासळी घेणं थांबवलं होतं. त्यांचे तपासनीस येऊन गेले आणि आपल्या कारखान्यांतली स्वच्छता त्यांना पटली नाही. मी तेव्हा वेरावळला होतो. ज्यांनी काही चुकीचं केलं नव्हतं त्यांचाही माल अडकला, आणि आधी घरी बसल्या त्या सोलणाऱ्या बायका. खोट्या वहीचा मार शेवटी कोणावर पडतो ते मी तेव्हा पाहिलं.

कामाचं सांगतो. वहीत चूक झाली तर आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख, वेळ. पान फाडणं हा स्वतंत्र गुन्हा समजा. तुमच्या वहीला छापील पानक्रमांक आहेत का? असतील तर मधला क्रमांक गायब दिसेल, तेवढं टिपून ठेवा. रोज पाळी सुरू होताना थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात धरा, ० दाखवतो का बघा आणि तेही लिहा. उद्या पहिला आरोप "थर्मामीटर बिघडलेला होता" हाच होणार आहे.

आणि तोंडी काही बोलू नका. ईमेल करा, गुणवत्ता प्रमुखाला आणि मालकाला एकत्र. वहीचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका, तो खेळ तुमच्यावर उलटेल.

---

जमाखर्च

मी पगारपत्रकांचं काम करते, सावंतवाडीला. पैशाचं बोलते.

ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटच्या पगाराला २६ ने भागून १५ ने गुणायचं, आणि मग वर्षांनी. तुमचे १८,२०० धरले तर वर्षाला १०,५००, पाच वर्षांचे ५२,५००. कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे, पण कायम कर्मचाऱ्याला पाच वर्षंच. म्हणून नेमणूकपत्र आधी काढून बघा, तुमची नेमणूक कुठल्या प्रकारची आहे ते. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले की हक्क पोचतो असे काही न्यायालयांचे निकाल आहेत, पण कंपनीने नाकारलं तर भांडावं लागतं. त्या भरवशावर राजीनामा देऊ नका.

आजच्या आज उमंग अ‍ॅपवर पीएफचं पासबुक उघडा. कापलेला पैसा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. जिथे वहीत खोटं लिहितात तिथे इथेही खाडा सापडलेला मी पाहिला आहे. सोडलंतच तर हिशेब दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा, असं नवीन वेतन संहितेत आहे.

५२,५०० ही आपल्याकडे लहान रक्कम नाही. कोणी "पैशाकडे बघू नका" म्हणालं तर मनावर घेऊ नका.

---

लोटेवाला

हे लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. मी मासळीत नाही, लोट्याला केमिकलमध्ये शिफ्ट इन-चार्ज होतो. ताई, तुमच्या साहेबाच्या जागी मी होतो.

रिअ‍ॅक्टरच्या तापमानाची नोंद दर तासाला घ्यायची असते. माणसं कमी, ऑर्डर डोक्यावर. मी पोरांना सांगायचो, रात्रीचे सगळे आकडे एकदम भरून टाका. वरून मला कोणी खोटं लिहायला सांगितलं नव्हतं. वरून फक्त "का थांबलं?" एवढंच विचारायचे, आणि मी ते खाली दुसऱ्या शब्दांत पोचवायचो. एक पोरगा नाही म्हणाला. मी त्याची पाळी बदलली. तोच पोरगा बदललेल्या पाळीत नसता तर एकदा फार वाईट झालं असतं, वाल्व्ह त्याने बंद केला. त्याची माफी मागायला मला चार वर्षं लागली.

तुमच्या साहेबाची बाजू घेत नाही. पण मालकाला लिहाल तेव्हा बर्फ किती कमी पडला, गाडी किती वाजता आली, ढीग किती तास पडून होता, तेही लिहा. फक्त माणसावर लिहिलंत तर माणूस बदलेल, आणि पुढच्या ऑगस्टला पुन्हा तेच होईल. राजीनाम्याचं मी सांगणार नाही. इथे दुसरी नोकरी म्हणजे बहुतेक मुंबई, आणि तुमची आई एकटी आहे.

---

किनाऱ्यावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. लोटेवाले दादा, तुमचं उत्तर मी तीनदा वाचलं.

काय काय झालं ते सांगते. पीएफ तपासला, दोन महिने भरलेले नाहीत. नेमणूक कायम आहे. वहीला छापील क्रमांक आहेत, ६२ नंतर थेट ६४.

काल पहाटे रात्रपाळीवरून येऊन ईमेल लिहिला. गाडीची वेळ, बर्फाच्या लाद्या किती मागवल्या आणि किती आल्या, तीन ठिकाणचे आकडे, पान ६३. मार्चच्या दोन तारखा पण लिहिल्या, त्या दिवशीचे आकडे मी मोजलेले नव्हते आणि सही माझी आहे, असं सरळ. ते वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पाठवल्यावर हात गार पडले होते.

ती लहान मुलगी कॅन्टीनमध्ये शेजारी येऊन बसली. "ताई, माझं नाव पण घातलंस का?" मी म्हटलं नाही, ते तू ठरव. ती काही बोलली नाही, पण रात्री बर्फाचं पाणी घेऊन आली आणि म्हणाली, थर्मामीटर कसा तपासायचा ते दाखव. आमच्या दोन्ही थर्मामीटरपैकी एक बरोबर ० दाखवतो, दुसरा १ कमी दाखवतो. म्हणजे मंगळवारी कोणता वापरला त्यावर ९ चा १० सुद्धा असू शकतो. ते दुसऱ्या ईमेलमध्ये कळवलं.

साहेब माझ्याशी बोलत नाहीत. मालकांचा फोन आला, दीड मिनिटाचा. सोमवारी येतो, वही कपाटात ठेवून किल्ली तुमच्याकडे ठेवा म्हणाले. पुढे काय करतील ते कळत नाही. नऊ महिने थांबायचं मी ठरवलं आहे, पण खोटा आकडा परत लिहिणार नाही, त्यापायी काढलं तरी चालेल.

रजेचा अर्ज पुन्हा दिला आहे, या वेळी लेखी उत्तर मागून. आईने पाट धुऊन वाळत घातलाय, माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीला, बांधायची फळं शेजारचे काका आणून देणार आहेत. सोमवारचं काय झालं ते इथेच लिहीन.