आंत्रप्रन्योरला मराठीत काय म्हणायचं? (आणि इनोव्हेशनला?)

फोंड्याची मास्तरीण: वाणिज्यच्या पहिल्या वर्षाला आंत्रप्रन्योरशिप आणि इनोव्हेशन शिकवते. शिकवणं इंग्रजीत, पण बरीच मुलं मराठी शाळांतून आलेली, म्हणून मुख्य शब्द मराठीतही फळ्यावर लिहिते. परवा 'उद्योजकता' लिहिलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, आई तर म्हणते तुझे उद्योग कमी कर." वर्ग हसला, मीही हसले. मग 'नवोन्मेष' लिहिलं, तर कोणी हसलंच नाही. नुसते बघत राहिले. पर्याय सुचवा, सोमवारी पुढचा तास आहे.

शब्दकिडा: 'उद्यमशीलता' घ्या. उद्योजक म्हटलं की वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत शेड असलेला माणूसच डोळ्यांपुढे येतो. 'उद्यमेन हि सिध्यन्ति कार्याणि' आपण शाळेत घोकलंय. आणि नवोन्मेषाला काय झालं? उन्मेष म्हणजे पापणी उघडणं, कळी उमलणं. 'नवनवोन्मेषशालिनी' प्रज्ञेला प्रतिभा म्हटलंय. मुलांना कळत नाही म्हणून असा शब्द टाकायचा?

म्हापसेकार: टाकू नका, लग्नपत्रिकेवर छापा. माझी आत्या शुक्रवारच्या बाजारात सुकी मिरची विकते. दोन वर्षांपासून निम्मी घरीच कुटून पावशेराच्या पुड्या करते, मुंबईच्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो धाडते. तिला उद्यमशील म्हटलं तर विचारील, "कोणाक म्हणटा रे?" सरळ 'धंदा' म्हणा.

शब्दकिडा: आणि धंदा करणारा तो धंदेवाईक? ती तर शिवी झाली.

वाळपईकर: काहीही घ्या, 'नाविन्यता' तेवढं नको. नवीनचं नावीन्य झालं तिथेच भाववाचक नाम पुरं झालं. त्यावर 'ता' म्हणजे टोपीवर टोपी. शिवाय 'वि' दीर्घ हवा. महाराष्ट्रातल्या एका सरकारी खात्याच्या नावातच हे बसलंय.

म्हापसेकार: खात्याला चालतं तर आपल्याला का नाही?

वाळपईकर: खात्याला काय वाटेल ते चालतं.

पुण्यातला गोंयकार: हिंदीवाले 'नवाचार' म्हणतात. आमच्या ऑफिसात त्या नावाचं पत्रक आलं, एकाला वाटलं कँटीनमध्ये नवं लोणचं आलं.

सत्तरीचो काजू: मास्तरीणबाय, आधी मूळ शब्द बघा. तो फ्रेंच, हाती घेणं या अर्थाचा. रिचर्ड कँटिलॉनचा अर्थशास्त्रावरचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर 1755 मध्ये छापला गेला. त्यात आंत्रप्रन्योर कोण? ठरल्या भावाने घेतो आणि न ठरलेल्या भावाने विकतो तो. आमच्याकडे हंगामाआधी काजूच्या डोंगरांची पावणी होते, म्हणजे बोली लागते. घेणारा आकडा बोलतो तेव्हा झाडावर धड मोहोरही नसतो. पुढे ढग दाटले, मोहोर करपला, तरी बोललेला आकडा भरायचाच. कँटिलॉनचा माणूस तो हाच. माझ्या बापाने एका वर्षी असाच हात पोळून घेतला, त्या मे महिन्यात घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

इनोव्हेशनचंही तसंच. अर्थतज्ज्ञ शुम्पीटरने 1911 मध्ये ज्याला नवी जोडणी म्हटलं, ते नवा शोध लावण्यापेक्षा वेगळं. काजूचं झाड पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलं. माडाची सूर गाळायची भाटी आधीपासून होती असं आमच्याकडे सगळेच मानतात. कोणीतरी बोंडू, म्हणजे काजूचं फळ, कोळंबीत (मासळी नव्हे, फळं मळायचं कुंड) पायांनी मळून, रस आंबवून त्याच भाटीवर चढवला. एकदा गाळला तो हुर्राक, पुन्हा गाळली ती फेणी. 2009 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. तेव्हा 'नवी जोडणी' लिहा फळ्यावर.

शब्दकिडा: जोडणी नळाची असते. तिला अर्ज करावा लागतो.

सत्तरीचो काजू: स्टार्टअपलाही करावा लागतो.

पुण्यातला गोंयकार: पण पावणी मराठी कुठे? कोंकणी आहे ती. मराठीत लिलाव.

म्हापसेकार: लिलाव तरी कुठला मराठी! पोर्तुगीज 'लेलांव'. पगारही त्यांचाच. वर्गात विचारा, किती जणांना लिलावात उतरायचंय आणि किती जणांना पगार हवाय.

वाळपईकर: पावणी 'पावणे'वरून. देवळात देवीला वाहिलेल्या वस्तू बोली लावून घेतात, त्यालाही आम्ही पावणीच म्हणतो. ज्याला देवी पावली त्याला नारळ.

शब्दकिडा: हे तुम्ही आत्ता रचलंत.

वाळपईकर: आजी सांगायची.

शब्दकिडा: मग आजीने रचलं.

म्हापसेकार: आजीवर जाऊ नका हो.

फोंड्याची मास्तरीण: पावणीचं उदाहरण वर्गात नक्की सांगणार. पण फळ्यावर लिहू काय? उद्या रविवार.

सत्तरीचो काजू: ते बघू. यंदाचा पहिला हुर्राक उतरला, फोंड्याला येणाऱ्या कोणाच्या हाती बाटली देऊ?

म्हापसेकार: म्हापशावरूनच जाऊ दे ती.