जीपचे रिबिट काढून खोलता येईल असं काय लावू? रिव्हनट की साधा नटबोल्ट?

चिखलवाट:
नमस्कार मंडळी. माझी ९४ ची महिंद्रा एमएम ५४० जीप आहे, पुण्यात असते, पावसाळ्यात मुळशी-ताम्हिणीच्या चिखलात आणि थंडीत एकदोनदा कोकणात किनाऱ्यावर. आधीच्या मालकाने हौदाच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची चेकर प्लेट ठोकून घेतलेली आणि पुढच्या मडगार्डांच्या आत चिखल अडवायला जाड रबरी पडदे, सगळं पॉप रिबिटवर (एकाच बाजूने हत्याराने ओढून बसवतात ते). परवा मोजले तर ६४ भरले! यंदा एक प्लेट उचकटून बघितली तर मागे गेल्या पावसाळ्याचा चिखल अजून ओला आणि पत्रा पापडासारखा सुटत होता. म्हणून ठरवलंय की दरवर्षी पावसाळा संपला की प्लेटा खोलायच्या, धुवायच्या, परत लावायच्या, आणि दरवेळी ड्रिल घेऊन रिबिट उडवत बसायची इच्छा नाही. रिबिट ४.८ मिलीचे आहेत, पत्रा साधारण सव्वा मिली. निम्म्या ठिकाणी मागून हात जातो, निम्म्या ठिकाणी मागे बंद पेटी आहे तिथे काहीच धरता येत नाही. रिव्हनट (पत्र्याच्या होलात कायमचा दाबून बसवायचा आटेवाला नट), वेलनट, प्लॅस्टिकचे बंपरवाले लॉक, क्वार्टर टर्न (पाव फेरी फिरवून खोलायचा खटका), सगळं वाचून डोकं फिरलंय. गॅरेजवाला म्हणतो सेल्फ टॅपिंग स्क्रू मारून देतो, अर्ध्या दिवसात मोकळे. काय करू?

खटारा_नंबर_१:
सेल्फ टॅपिंग अजिबात नको. सव्वा मिली पत्र्यात त्याचा जेमतेम एखादा आटा धरतो, दुसऱ्यांदा खोललं की ढिला, तिसऱ्यांदा होल मोठं करून पुढच्या नंबरचा स्क्रू, आणि मडगार्डच्या आत त्याची टोकं बाहेर राहतात ती वेगळीच. मी माझ्या गाडीखाली हात घालताना दोनदा रक्त काढलंय.

फिटरकाका:
चिखलवाट, तुम्ही प्रश्नातच अर्धं उत्तर दिलंय. जिथं मागून हात जातो तिथं रिव्हनटच्या भानगडीत पडूच नका. ४.८ च्या रिबिटचं होल साडेपाचचं करून घ्या, एम ५ चा आरपार बोल्ट, मागे मोठा वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, ढिला होत नाही), विषय संपला. बोल्टला ८ चा पाना लागतो, नटाला पण ८ चाच. आटे गेले तर नट फेकायचा, गाडीला काही होत नाही. रिव्हनट खराब झाला तर गाडीतच भोक पाडत बसावं लागतं हा फरक लक्षात घ्या. नायलॉक किती वेळा वापरायचा म्हणाल तर बोटानं फिरवून पूर्ण खाली गेला की बाद. सायलेन्सरजवळ मात्र नायलॉक नको, आतलं नायलॉन तापलं की मऊ पडतं, तिथं पूर्ण लोखंडी लॉकनट मिळतो तो घ्या.

बंद पेटीवर रिव्हनटच. एम ५ ला ७ मिलीचं होल, एम ६ ला ९ चं. मोजूनच पाडा, सात ऐवजी सव्वासात झालं की तो पत्रा पकडत नाही, पुढे जन्मभर गरगर फिरतो. म्हणून आधी ५, मग ६, मग ७ असं चढत जा, बिट नवीन घ्या, आणि होलाच्या कडेचा उघडा पत्रा प्रायमरने झाकून मग रिव्हनट बसवा. रिव्हनट घेताना त्याची ग्रिप विचारा, म्हणजे किती जाडीच्या पत्र्यावर तो बसतो ते. अर्धा ते तीन मिलीवाला तुम्हाला चालेल. आणि तो गाडीच्या पत्र्यात बसवायचाय, चेकर प्लेट धरून नाही, प्लेट वरून बोल्टनं येणार. हे सांगायला नको पण दोन्ही मिळून एकत्र दाबून बसवलेले मी पाहिलेत, मग खोलणार काय?

आणि बोल्टचं डोकं. दिसायला भारी म्हणून एलन की चे घुमटवाले बोल्ट घेतात लोक, पहिल्याच चिखलात त्या खड्ड्यात माती जाऊन दगड होते, मग सुईनं कोरत बसा. सरळ षट्कोनी डोक्याचे फ्लँज बोल्ट (डोक्याखाली वॉशरसारखी कडा असलेले) घ्या, वरून चिखल असला तरी पाना बसतो.

रंकाळा४बाय४:
काकांचं बरोबर हाय पण रिव्हनटवर माझा लई विश्वास नाही. मागच्या वर्षी मडगार्डाला गोल बॉडीचे ॲल्युमिनियमचे रिव्हनट बसवून घेतले, १२ बसवले, पावसाळ्यानंतर खोलायला गेलो तर ५ बोल्टाबरोबर गरगर फिरायला लागले, ना आत ना बाहेर. शेवटी ग्राइंडरनं बोल्टाची डोकी उडवली. जे रिबिट काढायला दहा मिनिटं लागली असती त्याला अख्खा रविवार गेला की हो! वेलनट बघा त्यापेक्षा. रबराचा असतोय, आत पितळेचा नट, बोल्ट आवळला की रबर मागे फुगतंय आणि धरून बसतंय. बुलेटच्या विंडशील्डला बघितला असंल. खडखडाट नाही, धातूला धातू लागत नाही, गंजाचा प्रश्न नाही.

फिटरकाका:
रंकाळा, तुमचा अनुभव खरा आहे पण दोष गोल बॉडीचा आणि ॲल्युमिनियमचा. लोखंडी पत्र्यात लोखंडी झिंकवाला रिव्हनट घ्या, बाहेरून उभ्या रेघा असलेला. षट्कोनी बॉडीचा तर फिरतच नाही पण त्याला होलही षट्कोनी कानस मारून करावं लागतं, तीसएक होलांना तेवढा धीर कुणाला आहे. आणि आवळताना दम लावू नका. प्लेट धरून ठेवायची आहे, इंजिनचं हेड बसवत नाहीयेत आपण. बोल्टाच्या आट्यांना थोडं ग्रीस लावून ठेवा, बहुतेक रिव्हनट फिरतात ते बोल्ट आत गंजून धरल्यामुळे. स्टेनलेस स्टीलचे, म्हणजे एसएसचे रिव्हनट हातानं दाबायच्या हत्यारानं बसवायला फार जड जातात, त्या नादाला लागू नका.

वेलनट रबरी पडद्यांना उत्तम, पण एम ५ च्या वेलनटला जवळपास १० मिलीचं होल लागतं. चेकर प्लेटला जागोजागी दहा मिलीची भोकं पाडणार? तीही आधीच गंजलेल्या पत्र्यात?

चिखलवाट:
हे भारी आहे. दोन शंका. एक, रिव्हनट बसवायचं हत्यार विकत घ्यायलाच पाहिजे का? दोन, बोल्ट एसएसचे घेऊ का, गंजणार नाहीत म्हणून? आणि हात घातलाच आहे तर चेसिसला मागच्या क्रॉसमेंबरचे (आडव्या दांडीचे) दोन रिबिट हलतायत असं वाटतंय, तिथेही बोल्ट टाकून घेऊ का?

खटारा_नंबर_१:
पाचदहा नग असतील तर हत्यार नको, जुगाड आहे. चांगल्या ८.८ ग्रेडच्या बोल्टावर आधी एक नट चढवायचा, मग तेल लावलेला वॉशर, मग रिव्हनट. होलात घालून बोल्ट एका पान्याने घट्ट धरायचा आणि नट दुसऱ्या पान्याने आवळायचा, रिव्हनट मागे फुगून बसतो. पण तुमचे तीसएक होणार, घ्या हत्यार, मनगट वाचेल. मुंबईला चक्कर असेल तर नागदेवीला जा, नटबोल्टात जे मागाल ते मिळतं तिथे, फक्त मोजून सॅंपल बरोबर न्या.

दर्यावर्दी:
मी रत्नागिरीचा, मीठ आमच्या घरचं आहे म्हणून एसएसबद्दल बोलतो. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू चिकटून असले की त्यातला गंजायला कमजोर तो बिचारा झिजतो, आणि ॲल्युमिनियम लोखंडापुढे आणि एसएसपुढे कमजोरच. आता गंमत अशी की प्लेट मोठी आणि एसएस बोल्ट लहान, त्यामुळे बोल्टाभोवती पांढरी पूड येईल पण प्लेट लगेच खलास होणार नाही. उलटं केलंत म्हणजे एवढ्या मोठ्या लोखंडी बॉडीत छोटासा ॲल्युमिनियमचा रिबिट किंवा रिव्हनट, तर सगळा मार त्या छोट्यावर येतो आणि तो वर्षा-दोन वर्षांत पूड होऊन हातात येतो. रंकाळ्याच्या गाडीचं तेही एक कारण असू शकेल. जुन्या लँड रोव्हरवाल्यांना विचारा, त्यांची बॉडी ॲल्युमिनियमची आणि आतली फ्रेम लोखंडी, जिथे दोन्ही टेकतात तिथेच रडगाणं.

तुमचा पत्रा सडला तो मात्र मागे ओल अडकली म्हणून. तेव्हा प्लेट आणि पत्रा यांच्यामध्ये बोल्टाच्या जागी तीनचार मिलीचे रबरी वॉशर ठेवा, प्लेट अंगाला चिकटायलाच नको, पाणी वरून गेलं तर खालून निघून जाईल. सगळ्या फटी सिलिकॉनने बंद करायचा शहाणपणा करू नका, मी केलाय, आत डबकं झालं. आणि एसएस बोल्टावर एसएसचा नायलॉक ड्रिलवर भरभर आवळला तर तापून मधेच जाम होतो, मग कापावाच लागतो. हळू, हाताने, ग्रीस लावून.

फिटरकाका:
चेसिसचं राहिलं. तिथं हात लावू नका! प्लेटवरचा पॉप रिबिट आणि चेसिसचा भरीव रिबिट यांचं फक्त नाव एक. चेसिसचा रिबिट ठोकताना फुगून अख्खं होल भरून टाकतो, म्हणून तो हलत नाही. तिथं साधा बोल्ट घातला की होलात फट राहते, गाडी पिळली की क्रॉसमेंबर त्या फटीइतका सरकतो, आणि हळूहळू होल अंड्याच्या आकाराचं होतं. बोल्टवर करतात लोक, नाही असं नाही, पण होल रीमरनं साफ करून त्यात ठोकून बसेल असा मापाचा बोल्ट, १०.९ ग्रेडचा, आटे होलाच्या आत येता कामा नयेत. हे चेसिसचं काम करणाऱ्या माणसाकडून करून घ्या. आणि रिबिट हलतोय की नुसता भोवती गंज आलाय ते आधी हातोडीने हलकं वाजवून बघा, दुसऱ्या हाताचं बोट शेजारी टेकवून. हलत असेल तर बोटाला कळतं.

चिखलवाट:
मंडळी, काल डावी बाजू खोलली. २८ रिबिट, साडेतीन तास, त्यातला निम्मा वेळ जे रिबिट ड्रिलबरोबर फिरत होते त्यांना पकडीनं धरण्यात गेला. १५ ठिकाणी आरपार एम ५, १३ ठिकाणी रेघावाले लोखंडी रिव्हनट, एक होल वाकडं गेलं त्याला एम ६ केला. क्वार्टर टर्नचा नाद सोडला, चिखलात ती खाच भरणारच. चेसिसचे रिबिट वाजवून बघितले, एक नक्की हलतोय, पुढच्या आठवड्यात दाखवतो. आता नवीन कटकट अशी की रिबिटांची मागची मुंडकी बंद पेटीत पडली आहेत आणि वळणावर खुळखुळ्यासारखी वाजतात. चुंबक घालून निघतील का?

फिटरकाका:
ॲल्युमिनियमचं मुंडकं चुंबकाला लागत नाही, पण त्याच्या आत लोखंडी खिळ्याचा तुकडा राहतो, तो लागतो. त्याच्यासकट बाहेर येईल.

चिखलवाट:
काका, खिळे तर मी आधीच पंच मारून आत पाडले होते, ड्रिल सरळ जावं म्हणून. म्हणजे आता दोन्ही वेगवेगळे वाजतायत.