मदत हवी आहे: मातीच्या बंधाऱ्याच्या पायथ्याशी गढूळ पाझर

पूर अडवण्यासाठी बांधलेला मातीचा बंधारा आहे, उंची साधारण 6 मीटर. पाणी साठलं की खालच्या बाजूला पायथ्याशी पाझर फुटतो. आधी तो निवळ होता. आता गढूळ येतोय; बाटलीत धरून ठेवलं तर तळाशी बारीक माती बसते. म्हणजे भराव आतून पोखरला जातोय, हीच खरी भीती. सांडवा (जादा पाणी वाहून जाण्याची वाट) मोकळा आहे, माथा खचलेला नाही, त्या भागात झाडंही नाहीत. पाझराच्या तोंडावर चिकणमाती दाबून पाहिली, तर पाणी शेजारून फुटलं. विमोचकाचं (साठलेलं पाणी सोडायच्या वाटेचं) दार उघडून पाण्याची पातळी हळूहळू उतरवतोय. खालच्या वस्तीला आणि अभियंत्यांना कळवलंय. ते येईपर्यंत पाझरावर आधी वाळू, मग खडी, वर दगड असा गाळणी थर (पाणी जाऊ देणारा, पण माती अडवणारा) टाकावा का? भराव गाळमिश्रित मातीचा आहे, त्यासाठी वाळू बारीक हवी की भरड?