प्रतिसाद: नेव्हिगेशन असताना चमकणारं औषध कशाला?
वर कुणीतरी लिहिलंय की मेंदूतल्या गाठीच्या ऑपरेशनला कॉम्प्युटर नेव्हिगेशन (गाठ कुठे आहे ते स्क्रीनवर दाखवणारा नकाशा) असताना ते गाठ चमकवणारं औषध पाजणं म्हणजे नुसतं बिल फुगवणं. बिलाचं मला माहीत नाही, ते पेशंट बघून ठरतं, पण नेव्हिगेशन चालतं आधी काढलेल्या एमआरआयवर, आणि कवटी उघडून आतलं पाणी निघून गेलं, थोडी गाठ काढली की मेंदू जागचा हलतो, मग स्क्रीनवरचा नकाशा आणि समोरचं खरं जुळेनासं होतं. फाइव्ह-एएलए, म्हणजे तेच चमकणारं औषध, दिलं असेल तर निळ्या प्रकाशात गाठ त्याच क्षणी लालसर-गुलाबी दिसते. जर्मनीतल्या ट्रायलमध्ये (२००६) हे औषध दिलेल्यांत ऑपरेशननंतरच्या एमआरआयवर गाठ पूर्ण निघालेले पेशंट ६५ टक्के होते, साध्या प्रकाशात केलेले ३६. अर्थात वर रक्त साचलं की चमक झाकली जाते, आणि कमी ग्रेडच्या (हळू वाढणाऱ्या) गाठी बऱ्याचदा चमकतच नाहीत, त्यामुळे नेव्हिगेशन लागतंच, दोन्ही मिळून वापरतात.

अजून एक, जे इथं कुणी लिहिलं नाही. आमच्या मामांचं ऑपरेशन मिरजेत झालं तेव्हा भूल द्यायच्या तीनेक तास आधी हे औषध पाण्यात कालवून प्यायला दिलं, आणि नंतर निदान एक दिवस ऊन आणि प्रखर उजेड बंद, कारण कातडी भाजल्यासारखी होऊ शकते. खिडकीला चादर लावलेली, आणि भेटायला सांगलीहून, तासगावहून आलेल्या पाहुण्यांना मामी दारातच दम देत होत्या, "मोबाईलचा फ्लॅश मारायचा न्हाई हं!" तेव्हा खोली कुठल्या बाजूची मिळणार तेवढं आधी विचारून ठेवा, पश्चिमेची असेल तर दुपारी लई ऊन येतं.